रोडग्यांचा व्यत्यास

जयवंताबाईंनी केळझरच्या गणपतीला नवस बोलला, तेव्हा हरिदास मास्तरांची तक्रार नवसाबद्दल नव्हती, वाक्यरचनेबद्दल होती. "नलू मॅट्रिक पास झाली तं चार माणसं नेऊन रोडग्याचं जेवण देईन," एवढाच नवस; रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड गोळे. मास्तरांनी तो पुन्हा म्हणायला लावला आणि दाढी करता करता त्याचे दोन तुकडे पाडले. एक 'जर'चा, एक 'तर'चा. 'पास' म्हणजे कोणत्या वर्गात, हे पहिल्या तुकड्यात स्पष्ट नव्हतं. 'चार माणसं' म्हणजे कोण आणि किती, हे दुसऱ्यात नव्हतं. जयवंताबाई म्हणाल्या, देवाला समजलं आहे. मास्तर म्हणाले, देवाला समजलं असेल, पण भूमितीत व्याख्या न करण्याची मुभा फक्त बिंदू, रेषा आणि प्रतल यांना आहे. चार माणसांची व्याख्या करावीच लागेल. जयवंताबाईंनी तव्यावरची भाकर उलटली आणि विषय तिथेच संपला. ती व्याख्या न झाल्याचे परिणाम पुढे गावातल्या डोमाजीच्या ट्रॅक्टरला भोगावे लागले.

मास्तर वर्ध्याच्या एका हायस्कुलात भूमिती शिकवत आणि बोरगाव मेघेत स्वतः बांधलेल्या घरात राहत. कोणतीही गोष्ट सांगायची तर आधी पक्ष, म्हणजे जे दिलेलं आहे ते. मग साध्य, म्हणजे जे दाखवायचं आहे ते. आणि मग सिद्धता, जिच्या प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण हवं, अशी त्यांची शिस्त होती. वर्गात ती शोभून दिसे. घरी मात्र बायकोनं बाजारातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला सांगितला तरी मास्तर पिशवी हातात घेऊन कारणाची वाट पाहत उभे राहत, आणि भाजीत टाकायचा आहे, हे सोडून सांबाराला दुसरं कारण नसतं. शेजारचे नत्थूजी रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं असं की मास्तरच्या घराला आग लागली, तर हा माणूस बादली उचलायच्या आधी ती काऊन लागली ते विचारेल.

नलू, मास्तरांची एकुलती एक मुलगी, मुलींच्या शाळेत होती. आठवीत असताना तिनं बापाला भूमितीतली एक शंका विचारली होती. मास्तरांनी पहिल्या ओळीलाच 'कारण?' असं विचारलं, दुसरी ओळ काही आलीच नाही, आणि नलू दप्तर उचलून रडत मैत्रिणीकडे गेली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. यावर मास्तरांनी असा विचार केला की, समजलं नसतं तर तिनं विचारलं असतं. ती विचारत नाही. म्हणजे तिला समजलं आहे. तर्क बिनचूक होता. पक्ष तेवढा चुकीचा होता, पण पक्ष तपासायचा नसतो, तो दिलेला असतो.

मॅट्रिकनंतर नलूला सायन्सला जायचं होतं. जयवंताबाईंचा भाऊ रूपराव पुलगावला कापसाच्या मिलमध्ये होता, आणि त्याच्या डोळ्यासमोर तिथल्याच डेपोतला एक मुलगा होता. रूपरावनं स्वच्छ सांगून ठेवलं होतं की पोरगी कॉलेजात गेली तर गोष्ट वेगळी, पण वर्ष वाया जाऊन घरी बसली तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू. जयवंताबाईंचा नवस त्या भीतीतून आलेला होता. मास्तरांनाही ती भीती होती, पण मुलगी नापास होईल असं मानायला त्यांच्याकडे काही आधार नव्हता, म्हणून ते मानत नव्हते.

परीक्षा झाली आणि मास्तरांकडे भूमितीचे पेपर तपासायला आले. नाव पाठवण्याआधी हेडमास्तर बाबारावांनी विचारलं होतं, आपल्या शाळेतून तुमचं कोणी बसलं आहे का? मास्तर म्हणाले, नाही. नलू दुसऱ्या शाळेतून बसली होती, तेव्हा उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. एरवी वर्ध्याचे पेपर वर्ध्यात येत नसत. पण त्या साली दुसऱ्या जिल्ह्यातला कोणी परीक्षक काविळीनं आडवा झाला आणि त्याचा गठ्ठा फिरत फिरत मास्तरांच्या ओसरीवर येऊन पडला. पेपर कुठल्या गावचे, हे मास्तरांनी पाहिलं नाही. ते फक्त उजवीकडचे कंस पाहत. कंसात कारण असेल तर गुण, नसेल तर भोपळा. अक्षर, नंबर, पोराची धडपड, या गोष्टी सिद्धतेच्या बाहेरच्या होत्या. नलूचा नंबर जयवंताबाईंना देवाच्या नावासारखा पाठ होता. मास्तरांनी तो कधी विचारलाही नव्हता.

सगळा गठ्ठाच्या गठ्ठा लोळलेला पाहून नागपूरच्या मुख्य परीक्षकांनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि जरा हात सैल सोडा म्हणून गोडीनं सांगितलं. मास्तरांनी त्यांना उभ्या उभ्या ऐकवलं, "साहेब, कारण नसेल तर ती सिद्धता नव्हे, ती अफवा होय." हे वाक्य त्यांना परतीच्या गाडीत इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी ते सर्वांना ऐकवलं, नत्थूजींना तर कुंपणापाशी दोनदा. रूपराव त्या दिवशी आलेला होता. त्याला एवढंच कळेना की मग पोट्टे पास झाले का. मास्तर म्हणाले, तो प्रश्न गौण आहे.

निकालाच्या सकाळी नत्थूजी पेपर घेऊन आले आणि नलूच्या आधी स्वतःच शोधायला बसले. नंबर सापडेना. जयवंताबाई खालीच बसल्या. मास्तर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, यादीत असेल तो पास एवढंच पेपरवाल्यानं म्हटलं आहे. नसेल तो नापास, असं त्यानं म्हटलेलं नाही. यावर नत्थूजींनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मास्तरांना पुढे बरेच दिवस आठवत होती. पण मास्तर बरोबर निघाले. पानाच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक यादी होती, 'निकाल राखून ठेवलेले', आणि त्यात नलू होती.

इथून आळीचा सल्ला सुरू झाला. राखून ठेवला म्हणजे कॉपीत सापडली, असं नत्थूजींनी पहिल्याच दमात सांगितलं आणि नलू आत निघून गेल्यावर, पण आपली नलू तशी नाही, अशी पुस्तीही जोडली. कोणी म्हणालं, शाई सांडली असेल. कोणी म्हणालं, पेपरच हरवला असेल, आता सरासरी देतात. नत्थूजींच्या बायकोचं, मीराबाईंचं निदान सर्वांत वेगळं आणि म्हणून सर्वांना पटणारं होतं. त्यांनी जयवंताबाईंना बाजूला घेतलं.

"तू देवाले म्हणतं, आधी पास कर, मंग जेवू घालतो. देवानंही तुह्याच पायावर पाय ठेवला. म्हणते, आधी जेवू घाल, मंग सोडतो निकाल."

जयवंताबाईंना हे एकदम पटलं. रविवारी केळझरला जाऊन रोडगे घालायचे ठरले. मास्तरांनी जीव तोडून सांगितलं की साध्य आधी गृहीत धरून सिद्धता सुरू करता येत नाही, ही चूक नववीतला मुलगाही करत नाही. जयवंताबाई म्हणाल्या, नववीतल्या मुलाला पोरगी नसते. मास्तरांनी शनिवारी सकाळच्या गाडीनं, निकालाचा छडा लावायला, नागपूर गाठलं.

परीक्षेच्या कचेरीत ताराचंद नावाचा कारकून खिडकीशी होता. मास्तरांनी नलूचं प्रवेशपत्र दाखवलं. ताराचंद म्हणाला, यावरून ती परीक्षेला बसायला पात्र होती एवढंच ठरतं, बसली होती हे ठरत नाही. मास्तरांना राग यायला हवा होता, पण आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सरकारी माणूस त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होता. त्यांनी मान डोलावली आणि शाळेचा हजेरीचा दाखला पुढे केला. ताराचंदही खूष झाला. त्यानं नंबर पाहिला आणि हसायलाच लागला.

"हा त्या गठ्ठ्यातला हाय जी. एक खब्ती परीक्षक हाय तिकडे, कंसात कारण नाई म्हणून सारे पोट्टे लोळवून ठेवले त्यानं. साहेबानं समजवून पाह्यलं तं म्हणते, कारण नसन तं ते अफवा हाय. आमी आता चहा आला नाई तरी तेच म्हणतो."

मास्तरांनी खिडकीचा गज धरला. मग त्यांनी अतिशय शांतपणे विचारलं की आता पुढे काय. ताराचंद म्हणाला, तो माणूस येऊन संमती देत नाही तोवर साहेब दुसऱ्याकडून तपासून घेऊ शकत नाहीत, आणि तो देणार नाही. तो देव आला तरी ऐकणार नाही. प्रवेशाची मुदत या महिन्याअखेर संपते. गठ्ठा तिथेच राहिला तर त्यातल्या सगळ्यांचं वर्ष गेलं. मास्तर तिथून निघाले. स्टेशनवर त्यांच्या डोळ्यांसमोरून त्या गठ्ठ्यातले कोरे कंस एकामागून एक जात होते, आणि त्यातला नलूचा कोणता, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांना फार वाईट वाटलं. मुलीला आपण नापास केलं याचं नव्हे. ते तत्त्वाला धरून होतं. मुलगी हाताखालून गेली आणि आपल्याला कळलंही नाही, याचं वाईट वाटलं.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. अंगणात कणकेचे डबे, वांग्यांची पोती आणि गोवऱ्यांचा ढीग पडला होता. चार माणसांची संख्या वाढून आता ती माणसं बैलगाडीत मावेनात. म्हणून डोमाजीचा ट्रॅक्टर ठरला. सेलूच्या पुढे ट्रॉलीचं चाक चिखलात रुतलं. ज्यांची व्याख्या झाली नव्हती ती सगळी माणसं खाली उतरली आणि ढकलायला लागली. केळझरला पोचेस्तोवर गोवऱ्यांनी वाटेवरचा ओलावा धरला होता. त्या पेटेचनात, फक्त धूर देत राहिल्या. त्या धुरात अख्खी आळी डोळे पुसत बसली, आणि रोडगे बाहेरून काळे, आतून कच्चे निघाले. एका वानरानं प्रसादाच्या पेढ्यांचा पुडा उचलून कळसाखाली नेला आणि सर्वांदेखत उघडला.

पण खरी आपत्ती वेगळीच होती. देवाच्या पायऱ्यांवर बसून रोडगे खाणाऱ्या प्रत्येक माणसाला नलू पास झाल्याची खात्री होती. नवस फळला की रोडगे होतात, हे सर्वांना ठाऊक. रोडगे तर ताटात होते. मग नवस फळलाच असणार. रूपरावनं पुलगावहून भाचीसाठी मनगटी घड्याळ आणलं होतं. मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं आणि खडूशिवाय जमेल तितकं समजावून सांगितलं. समभुज त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असतात. पण दोन बाजू सारख्या दिसल्या म्हणून त्रिकोण समभुज ठरत नाही. विधान उलटवलं की व्यत्यास होतो आणि तो खरा असेलच असं नाही. नवस फळला तर रोडगे, हे मान्य. रोडगे म्हणून नवस फळला, हे अमान्य.

रूपराव रोडगा कुस्करून त्यावर तूप सोडत होता. "मंग आपण काऊन खाऊन राह्यलो जी हे?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी पंगतीकडे पाहिलं. एखादं विधान पाडायला एक प्रतिउदाहरण पुरतं, असं ते दरवर्षी फळ्यावर लिहीत. इथे ते प्रतिउदाहरण त्यांच्यासमोर पंक्तीत वरण वाढत होतं, आणि लोक त्याच्या ताटलीत अकरा-अकरा रुपये ठेवत होते. नलू प्रत्येकाला सांगत होती की निकाल अजून लागायचा आहे. लोक म्हणत, बापाचा स्वभाव उतरला पोरीत, किती नम्र. तेवढ्यात हेडमास्तर बाबाराव हार घेऊन आले, तो मास्तरांच्या गळ्यात घातला आणि बोलायला उभे राहिले. भूमितीच्या शिक्षकाच्या घरी भूमिती कशी नांदते, याचं उदाहरण म्हणजे ही कन्या, असं ते म्हणाले. शिवाय ओळखीनं अकरावी सायन्सच्या यादीत तिची जागा आपण धरून ठेवली आहे, फक्त महिनाअखेरच्या आत गुणपत्रक दाखवायचं, असंही त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. वानरानंही पेढे खाणं थांबवून खाली पाहिलं.

हाराखाली मास्तरांची मान वाकली होती. त्यांनी स्वतःला सावरण्यासाठी अप्रत्यक्ष सिद्धता करून पाहिली. समजा, नलू नापास झाली. तर वर्ष वाया जाईल, दिवाळीनंतर रूपराव बार उडवील, मुलगी डेपोच्या क्वार्टरमध्ये स्टो पेटवत बसेल. ही गोष्ट अशक्य आहे. इथे त्यांना विसंगती सापडायला हवी होती, आणि म्हणून मूळ समजूत चूक असं लिहून मोकळं व्हायचं होतं. पण त्या गोष्टीत अशक्य असं काहीच नव्हतं. आळीतल्या निम्म्या मुलींचं तसंच झालं होतं. मास्तर धुरातच बसून राहिले, आणि डोळे पुसायला त्यांना धुराचं निमित्त बरं पडलं.

सोमवारी ते मुख्य परीक्षकांपुढे उभे राहिले. तो गठ्ठा दुसऱ्याकडून तपासून घ्या, माझी हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, अचानक मत का पालटलं. मास्तर पूर्ण रस्ताभर याचं कारण जुळवत आले होते. नव्या अभ्यासक्रमातली शिथिलता, ग्रामीण विद्यार्थी, असं बरंच काही त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ते म्हणाले, "त्यात माही पोरगी हाय." घराबाहेर, साहेबापुढे, ते पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलले.

साहेबांनी चष्मा काढला. पेपर तपासताना ओळखलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, नाही. साहेब चष्मा पुसत म्हणाले की यावरून तुम्ही बेइमान नाही एवढं सिद्ध होतं; दुसरंही एक सिद्ध होतं, पण ते मी तुम्हाला सांगायची गरज नसावी. गठ्ठा त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेला. मास्तरांचं नाव परीक्षकांच्या यादीतून गेलं, आणि ते पुन्हा कधी आलं नाही. बाहेर पडताना ताराचंदनं त्यांना ओळखलं आणि उत्साहानं विचारलं, तो खब्ती भेटला का? मास्तर म्हणाले, भेटला.

मुदत संपायच्या आत निकाल लागला. नलू पास झाली. बाकी विषयांत चांगली आणि भूमितीत बेताची, पण सायन्सला पुरेल इतकी. जयवंताबाईंनी त्याचं श्रेय गणपतीला दिलं, मीराबाईंनी स्वतःला, बाबारावांनी मास्तरांना. नत्थूजींनी तर आपण आधीच सांगितलं होतं, असं सांगितलं, आणि काय सांगितलं होतं हे कोणी विचारलं नाही. रूपराव डेपोतल्या मुलाला दुसरं स्थळ शोधू लागला. कच्चे रोडगे खाऊन आळीत ज्यांची पोटं बिघडली होती, त्यांनीही मोठ्या मनानं ती गोष्ट सोडून दिली.

प्रवेश घेऊन बापलेक वर्ध्याच्या बाजारात वह्या घ्यायला थांबले. दुकानात शाळा सुरू होण्याची गर्दी होती. नलू वह्यांची पानं बोटांनी चाळून पाहत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "बाबा, त्या परीक्षकाले भेटले का तुमी?"

"भेटलो."

"कसा हाय माणूस?"

मास्तरांनी विचार करून उत्तर दिलं. "इमानदार हाय. पण मले वाटते, त्याच्या घरी शिकणारी पोरगी नसन."

"असनही," नलू म्हणाली. "पण तिचं अक्षर कसं हाय, ते त्याले माईत नसन."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. गठ्ठा लोळल्याची गोष्ट तिनंही बापाच्या तोंडून ऐकली होती आणि राखून ठेवलेल्या निकालाशी जुळवली होती. तिला सगळं ठाऊक होतं, केळझरला वरण वाढतानाही बहुतेक ठाऊक होतं, आणि तिनं घरात एका शब्दानं ते काढलं नव्हतं. मास्तरांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"याच्यावर नाव लिही," ते म्हणाले.

"इथंच?"

"इथंच लिही."

नलूनं दुकानाच्या फळीवर वही टेकवली आणि नाव लिहिलं, मग वर्ग, मग विषय. मास्तर वाकून पाहत होते. तिचा 'ल' जरा उजवीकडे कलत होता. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, मास्तरजी, सरका जी थोडं, आमाले बी घ्यायचं हाय. मास्तर सरकले नाहीत. त्यांनी दुसरी वही काढून तिच्यापुढे ठेवली.